अंगणातली हरळी

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि काळी माती भेगाळते. अशा अंगणात आम्ही हौसेने मेक्सिकन लॉनचे तयार गालिचे अंथरले होते. पहिल्याच उन्हाळ्यात फाटकाजवळचा आणि कूलरखालचा तुकडा जळाला, पैसेही गेले. अम्मी आधीच म्हणाल्या होत्या, "हरळी लावा." आम्ही हसलो होतो. शेतात जे तण उपटून माणूस थकतो, ते घरी लावायचे?

पण तिचा तो चिवटपणाच इथे कामाचा. तिचे खोड जमिनीवर पसरते तसे जमिनीखालीही. वरचे पान करपले तरी खालून पुन्हा फुटते. मुलांचे क्रिकेट, सायकलींची ये-जा ती सोसते. कूलरच्या पाण्याची वाफ होते, क्षार टाकीत उरतात. ते खारट पाणीही बऱ्यापैकी पचवते.

पावसाने जोर धरला की मुळांसकट कांड्या चार-चार बोटांवर खोचाव्यात आणि माती पायाने दाबावी. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते. थंडीत पिवळी पडली तर मेली समजून उपटू नका. वाफ्याच्या कडेला मात्र विटा उभ्या पुरा, नाहीतर पुदिन्यात घुसते. (गणपतीत शेजारच्या काकू दूर्वा आमच्याकडूनच नेतात; ती हीच.)

कडुनिंबाखाली मात्र आम्ही हरलो. हरळीला ऊन लागते, सावलीत ती विरळ होत जाते. दोनदा लावून पाहिली. आता तिथे फरशी टाकून अम्मींची खाट ठेवली आहे.