बंद दाराची थाप

ब्रिटन आणि चीन यांच्यात अफूचे युद्ध चालू असताना, १८४१ साली, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी एका व्याख्यानात निकालच देऊन टाकला. त्यांच्या मते युद्धाचे कारण अफू नव्हते, कौटौ होते. कौटौ म्हणजे चिनी सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावण्याचा दरबारी रिवाज. बोस्टन बंदरात फेकलेला चहा अमेरिकन क्रांतीचे जेवढे कारण, तेवढेच अफू या युद्धाचे, असे त्यांचे म्हणणे. ॲडम्स गेले, पण हा युक्तिवाद अजून ठणठणीत आहे. गर्विष्ठ चीन दार लावून बसला होता आणि मुक्त व्यापाराने ते ढकलून उघडले, असे आजही सर्रास सांगितले जाते.

या पक्षाचा हुकमी पुरावा म्हणजे ब्रिटनचे दूत लॉर्ड मॅकार्टनी यांची वकिलात. १७९३ च्या सप्टेंबरात ते जेहोलला चिएनलाँग सम्राटाला भेटले. कौटौ न करता त्यांनी एक गुडघा टेकला, तारामंडलाच्या यंत्रासारखे नजराणे दिले आणि रिकाम्या हाती परतले. आम्हांला तुमच्या मालाची गरज नाही, अशा अर्थाचे उत्तर सम्राटाने तिसऱ्या जॉर्जला धाडले. अडाणी अहंकाराचा नमुना म्हणून ते पत्र नेहमी दाखवले जाते.

पण मॅकार्टनींनी मागितले काय होते, हे सांगताना मात्र या मंडळींचा आवाज बारीक होतो. पेकिंगमध्ये कायमचा वकील, उत्तरेकडची नवी बंदरे, जकातीत सूट आणि माल ठेवायला किनाऱ्याजवळचे एक लहानसे बेट. सम्राटाने एकीकडे नकार लिहिला आणि दुसरीकडे किनाऱ्यावरच्या प्रांतांना बंदोबस्त वाढवायचे हुकूम सोडले. बेट मागणारा पाहुणा कशासाठी येतो, हे त्याला नेमके कळले होते. वखारीमागून तट आणि तटामागून तोफा येतात, हे सुरत-मुंबईचा इतिहास वाचलेल्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

आता दाराचे. १७५७ पासून युरोपियनांचा व्यापार एकट्या कँटनला बांधलेला होता, तोही हाँग म्हणजे परवानाधारक व्यापाऱ्यांमार्फत. जाच होता, लाचलुचपत होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बांधलेला व्यापार म्हणजे बंद व्यापार नव्हे. १७८४ साली ब्रिटनने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि इंग्रज घरोघर चहा पिऊ लागले. तो चहा काय बंद दारातून गेला? हाँग व्यापारी हौक्वा जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई, तो काय दाराला कुलूप लावून?

दार उघडेच होते, बिघडला होता हिशेब. चहाचे मोल चांदीत मोजावे लागे आणि चीनला हवा असा माल ब्रिटनकडे फारसा नव्हता. तो खड्डा भारतातल्या अफूने भरला. चीनमध्ये अफूवर १७२९ पासून बंदी, म्हणून ईस्ट इंडिया कंपनी आपल्या जहाजांतून ती नेत नसे. बंगालची अफू कलकत्त्याला लिलावात विकायची आणि हात झटकायचे! खाजगी व्यापारी ती चोरवाटेने चीनमध्ये विकत, मिळालेली चांदी कँटनला कंपनीच्याच खजिन्यात भरत आणि लंडनवरची हुंडी घेत. त्या चांदीतून कंपनी चहा घेई. याला मुक्त व्यापार म्हणायचे, तर चोरीच्या मालाच्या बाजाराला सहकारी संस्था म्हणावे लागेल.

यात आपण नुसते प्रेक्षक नव्हतो. शिंदे-होळकरांच्या मुलखातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. कंपनीने तिच्यावर परवाना-शुल्क लावून तिथेही आपला वाटा काढला. सर जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत चीनच्या व्यापारात, कापसाबरोबर अफूतही, उभी राहिली. जे. जे. रुग्णालयाचे ऋण मानणाऱ्याने हेही मान्य करावे.

१८३९ साली लिन झशू या आयुक्ताने वीस हजारांवर पेट्या जप्त करून हूमेनला चुना-मिठाच्या पाण्यात विरघळवल्या. त्याआधी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट यांनी व्यापाऱ्यांना सरकारतर्फे भरपाईचा शब्द देऊन ठेवला होता. म्हणजे तस्करांचा माल एका शब्दासरशी राणीचा झाला. कारण शोधायचे तर ते इथे आहे. ब्रिटनमध्येही हे उघड दिसत होते. एप्रिल १८४० मध्ये ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटात युद्धावर कडाडून टीका केली आणि सरकार २७१ विरुद्ध २६२, अशा अवघ्या नऊ मतांनी तरले.

युद्ध संपवणारा नानकिंगचा तह काढून वाचा. समान दर्जाच्या पत्रव्यवहाराचे एक कलम त्यात आहे, म्हणजे मानापमानाचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण २ कोटी १० लाख डॉलरची फोड पाहा. नष्ट केलेल्या अफूचे ६० लाख, हाँग व्यापाऱ्यांकडच्या येण्याचे ३० लाख, युद्धखर्चाचे १ कोटी २० लाख. शिवाय पाच बंदरे आणि मॅकार्टनींना न मिळालेले बेट, हाँगकाँग. ही सावकाराची वसुली आहे. कौटौ तिचे वकीलपत्र.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी त्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ती सागवानी नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली होती.