दोष कोणाचा?

"गरीब लोक घाणीत राहतात, म्हणून आजारी पडतात," असे बोलणे तुम्ही अनेकदा ऐकले असेल. मला ते योग्य वाटत नाही. ते घाणीत का राहतात, हा प्रश्न आधी विचारायला हवा. इंग्लंडच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) इंग्लंडमध्ये कारखाने झपाट्याने वाढले. कामासाठी खेड्यांतून असंख्य लोक शहरांत आले. पण त्यांच्यासाठी घरे कोठे होती? एकेका खोलीत सारे कुटुंब राहू लागले. काही जण तर ओलसर, अंधाऱ्या तळघरांत राहत. अनेक घरांना मिळून एकच संडास असे. सांडपाणी दारातच साचे.

एडविन चॅडविक यांनी १८४२ साली मजुरांच्या आरोग्याविषयी एक अहवाल लिहिला. त्यातील आकडे पाहा. मँचेस्टर शहरात मजूर कुटुंबांतील मृत्यूचे सरासरी वय फक्त १७ वर्षे होते, कारण पुष्कळ मुले लहानपणीच दगावत. रटलंड या ग्रामीण भागात तेच वय ३८ वर्षे होते. खरे तर मजुरी शहरातच जास्त मिळे. मग फरक कशाचा होता? घराचा, हवेचा आणि पाण्याचा!

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली. कॉलरा म्हणजे उर्दूतील हैजा. काही दिवसांतच ५०० हून अधिक माणसे मेली. हा रोग दूषित हवेमुळे होतो, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी केली. मेलेल्यांपैकी बहुतेक लोक रस्त्यावरच्या एकाच पंपाचे पाणी पीत होते. जवळच निराधार गरिबांचे एक आश्रयगृह होते. तेथील ५३५ माणसांपैकी फक्त ५ जण कॉलऱ्याने मेले. त्या आश्रयगृहाची विहीर वेगळी होती. विचार करा, त्या लोकांहून गरीब कोण असेल? तरी चांगले पाणी मिळाले, म्हणून ते वाचले.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या इमारतीत शिरली, तेव्हा कोठे सरकार जागे झाले! जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहराखाली मोठी गटारे बांधली. १८६६ नंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही.

घरांच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. पूर्व लंडनमधील 'ओल्ड निकल' ही वस्ती १८९० नंतर पाडण्यात आली. पाच हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्या जागी चांगल्या इमारती उभ्या राहिल्या; पण त्यांचे भाडे या लोकांना परवडेना. त्यांतील फारच थोडे लोक तेथे परत आले. बाकीच्यांनी दुसरीकडे दाटीवाटीने आसरा घेतला.

मित्रांनो, स्वच्छता राखणे हे आपले कर्तव्यच आहे. पण पाणी, गटार आणि परवडणारे घर नसेल, तर माणूस एकटा काय करील? म्हणून एखाद्या वस्तीला नाव ठेवण्याआधी विचारा, "येथे नळ किती आहेत? सांडपाणी कोठे जाते?" मग दोष कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.