हेडसेट बदलताना आधी हिशेब, मग सौदा

खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली इमॅजिका सुरू झाले आणि या भागात मौजमजेच्या धंद्याला नवे वळण मिळाले. माथेरान तर इंग्रजी अमदानीपासून पर्यटकांचे ठिकाण आहेच. पावसाळ्यात, दिवाळीत व मे महिन्यात कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यात मुंबई-पुण्याची माणसे लोटतात. त्यांच्या मागोमाग फार्महाऊस, प्लॉट व बंगले आले. या गर्दीवर व बांधकामांवर आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची रोजी अवलंबून आहे.

अशा ठिकाणी व्हीआर हेडसेट दोन कामांना येतो. खेळाच्या स्टॉलवर पाच-दहा मिनिटांचे पैसे घेऊन तो मुलांच्या डोळ्यांवर चढवला जातो. दुसरे काम कारागिराचे. मॉड्युलर किचन, फर्निचर किंवा ग्रिल बनवणारा गिऱ्हाइकाला काम होण्याआधीच खोली कशी दिसेल ते दाखवू शकतो. यंत्राची कल्पना सोपी आहे. डोळ्यांवर बांधायचा एक डबा, आत दोन भिंगे व एक पडदा. मान वळवली की समोरचे चित्रही वळते.

घरात एकट्याने वापरलेला हेडसेट बरीच वर्षे टिकतो. स्टॉलवर तोच दिवसभर एका डोक्यावरून दुसऱ्यावर फिरतो. घामाने गादी कुजते, पट्टा सैल पडतो, भिंगावर चरे येतात, बॅटरी दम सोडते. मग प्रश्न उभा राहतो की परवडेल असा दुसरा कोणता घ्यावा? बहुतेक जण फक्त किंमत विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा हवा. हे यंत्र किती दिवस कमावून देईल आणि बिघडल्यावर त्याला वाली कोण?

आधी जुन्याची नाडी पाहा

झिजलेला हेडसेट म्हणजे मेलेला हेडसेट नव्हे. गादी, पट्टा, बॅटरी आणि कंट्रोलर हे भाग झिजायचेच, आणि यांपैकी बरीचशी दुरुस्ती आपल्याच मोहल्ल्यात होऊ शकते. गादीवर धुता येईल असे मऊ सुती कव्हर कोणताही चांगला शिंपी शिवून देईल. पट्टा बॅग किंवा चप्पल-बूट शिवणारा कारागीर बदलून देईल. कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकू लागली तर मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला दाखवावी. तेवढा सुटा भाग बहुधा बदलता येतो.

दोन बाबतींत मात्र हयगय नको. बॅटरी फुगली असेल तर यंत्र त्याच क्षणी बंद करावे, कारण लिथियमची बॅटरी पेट घेते. दुसरी बाब उन्हाची. हेडसेट भिंगे वर करून उन्हात ठेवला तर भिंगातून किरण एकवटून आतला पडदा जळतो. तो डाग निघत नाही आणि नवा पडदा बसवण्याचा खर्च सहसा परवडत नाही. स्टॉल उघड्यावर असेल तर दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्यावर कापड टाकण्याची सवय लावावी.

गादीच्या कापडाकडेही लक्ष हवे. २०२१ साली फेसबुक कंपनीला क्वेस्ट २ या हेडसेटच्या फोमच्या गाद्या परत बोलवाव्या लागल्या, कारण काहींच्या चेहऱ्याची कातडी लाल होऊन खाजत होती. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ४० लाख गाद्या होत्या. कंपनीने त्यावर घालायला सिलिकॉनचे कव्हर फुकट दिले. एवढ्या मोठ्या कंपनीकडून अशी चूक होते, तर आपण स्वस्त फोम व उग्र वासाचा गोंद वापरून पोरांच्या चेहऱ्याशी खेळू नये.

ज्याला कंपनीने सोडले, ते यंत्र घेऊ नका

दुरुस्ती शक्य नसेल तर बदली यंत्र शोधायचे. इथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. हेडसेट ही नुसती वस्तू नाही. कंपनीचा प्रोग्राम चालू असेपर्यंतच तो चालतो. कंपनीने हात काढून घेतला की चांगल्या अवस्थेतला हेडसेटही निकामी होत जातो. असे हेडसेटच बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात.

उदाहरणे पाहा. ऑक्युलस गोची विक्री २०२० साली थांबली, रिफ्ट एसची २०२१ मध्ये. रिफ्ट एस कॉम्प्युटरला लांब केबलने जोडावा लागतो आणि ती खास केबल तुटली की नवी मिळवताना नाकी नऊ येतात. २०१९ सालच्या पहिल्या क्वेस्टची सुरक्षेची अपडेट २०२४ मध्ये संपली. क्वेस्ट २ चीही विक्री २०२४ साली थांबली. मायक्रोसॉफ्टने तर डिसेंबर २०२३ मध्ये आपली मिक्स्ड रिअॅलिटी बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या मोठ्या अपडेटमधून ती काढूनच टाकली. एचपी, एसर, लेनोव्हो, डेल, सॅमसंग यांनी या पद्धतीवर चालणारे हेडसेट बनवले होते. आज त्यांतला एखादा कोणी पडेल भावात देऊ केला तर आधी विचारावे की तो कोणत्या विंडोजवर चालतो, आणि आपल्या कॉम्प्युटरवर कोणती विंडोज आहे.

नव्यांपैकी क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये व त्याहून स्वस्त क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. ३एसची अमेरिकेतील सुरुवातीची किंमत सुमारे ३०० डॉलर होती. म्हणजे चार वर्षांपूर्वी क्वेस्ट २ ज्या भावाने आला, त्याच भावात अधिक ताकदीचे यंत्र आले. दोन्ही कॉम्प्युटरशिवाय चालतात. आपल्याकडे पोहोचेपर्यंत आयातीचा खर्च व दुकानदाराचा नफा चढतो, म्हणून चार दुकानी भाव विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

रोजचा खर्च मांडा

आता हिशेब. समजा आपल्या स्टॉलचे कमाईचे दिवस वर्षाला १०० आहेत. कंपनीने सोडलेला सेकंडहँड हेडसेट १२,००० रुपयांना मिळाला आणि एक हंगाम चालला, तर रोजचा खर्च १२० रुपये पडला. नवा हेडसेट ३६,००० रुपयांना घेतला आणि तीन वर्षे चालला, तर ३०० दिवसांत रोजचा खर्च तेवढाच, १२० रुपये. स्वस्त यंत्र अर्ध्या हंगामातच बंद पडले तर खर्च २४० रुपयांवर गेला आणि ऐन शनिवार-रविवारी स्टॉल रिकामा राहिला तो तोटा वेगळा. उलट जुन्याच यंत्रावर ३,००० रुपये खर्चून ते आणखी १०० दिवस चालवले तर रोज फक्त ३० रुपये पडतात.

हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून कागदावर मांडणी करावी. एका गिऱ्हाइकाकडून ५० रुपये मिळत असतील तर पहिली तीन गिऱ्हाइके यंत्राचीच आहेत, हे ध्यानात ठेवावे. जागेचे भाडे, वीज व पोराची मजुरी त्यानंतर सुटायची आहे.

कारागिराला महागडे यंत्र हवेच का?

खेळासाठी हातात कंट्रोलर लागतो, पण फक्त खोली दाखवायची असेल तर फोन घालायचा साधा डबाही पुरतो. जिओने २०२३ साली असा जिओडाईव्ह १,२९९ रुपयांना काढला. त्याच्याही आधी, २०१४ साली गुगलने पुठ्ठ्याचा डबा काढला होता आणि त्याची मापे सर्वांना खुली ठेवली होती. गुगलने २०२१ मध्ये तो विकणे बंद केले, पण त्याचा प्रोग्राम २०१९ पासूनच सर्वांना मोफत खुला केलेला आहे. पहिल्या नमुन्यात २५ मिलिमीटर व्यासाची व ४५ मिलिमीटर केंद्रांतराची दोन भिंगे होती. बाकी पुठ्ठा, रबर व चिकटपट्टी. हा डबा आपला बाइंडर पुठ्ठ्यात किंवा सुतार प्लायमध्ये सहज बनवील.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. यात मान वळवता येते, पण चालत पुढे जाता येत नाही. फोनमध्ये जायरोस्कोप नसेल तर चित्र फिरतच नाही. तरी ओट्याची उंची, कपाटाचा रंग आणि खिडकीची जागा दाखवायला एवढे पुष्कळ आहे. ज्याचे काम दीड हजारात भागते त्याने तीस-चाळीस हजार गुंतवणे ही उधळपट्टी होय, आणि उधळपट्टीविषयी आपल्या दीनची शिकवण सर्वांना ठाऊक आहे.

सौदा उघड असावा

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने सीएसएमटी गाठले की मनीष मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड गाठावे लागते. सेकंडहँड माल घेताना तो दुकानातच डोळ्यांवर चढवून किमान अर्धा तास चालवून पाहावा. बॅटरी किती वेळ टिकते, भिंगांवर चरे आहेत का, दोन्ही कंट्रोलर चालतात का, हे पाहावे. आधीच्या मालकाचे खाते काढून यंत्र आपल्या देखत कोरे करून घ्यावे. नाहीतर पैसे आपले आणि कुलूप दुसऱ्याचे अशी गत होते. पक्के बिल घ्यावे व वॉरंटी भारतात चालते का ते त्या बिलावर लिहून घ्यावे.

बिलाचे महत्त्व अनेकांना कळत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, जो स्वतः राबून केवळ आपल्या उपजीविकेसाठी वस्तू वापरतो तो ग्राहकच ठरतो. आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केले आहे.

शरीअतने हा हक्क फार पूर्वीच दिला. मालात लपवलेला दोष निघाला तर सौदा मोडण्याचा खरेदीदाराचा अधिकार फिक्हमध्ये मान्य आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड केला व फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला, ही हदीस आपण सारे ऐकतो. आपण आपला जुना हेडसेट विकू तेव्हाही ती लागू आहे. पडद्यावर डाग असेल तर तो डाग आधी दाखवावा, मग किंमत सांगावी.

करार पाळण्याचा हुकूमही इथे येतो. अनेक खेळ केवळ घरगुती वापराच्या परवान्यावर विकले जातात आणि स्टॉलवर पैसे घेऊन ते दाखवायला वेगळा परवाना लागतो. जुगाराचे व अश्लील खेळ तर दूरच ठेवावेत. लहान मुलांच्या बाबतीत कंपनीने घातलेली वयाची अट पाळावी आणि चक्कर आली की खेळ लगेच थांबवावा.

पैसा कोठून आणावा?

शेवटचा प्रश्न भांडवलाचा. दुकानदार 'बिनव्याजी हप्ता' म्हणतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज बहुधा किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेले असते. रोख भाव व हप्त्याचा एकूण भाव शेजारी शेजारी लिहून पाहिले की फरक दिसतो. कर्जाचे ओझे मोठ्यांनाही पेलत नाही. इमॅजिकासारखा प्रकल्प कर्जाखाली दबला आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाच्या हाती गेला.

दोन-तीन दुकानदारांनी मिळून एक चांगला हेडसेट घ्यावा, ही आमची सूचना. नफ्याची वाटणी आधी ठरवून लिहून ठेवावी. तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसावा, हाच मुशारकाचा नियम आहे. शनिवार-रविवारी यंत्र स्टॉलवर राहील आणि मधल्या दिवसांत फर्निचरवाला ते गिऱ्हाइकाच्या साइटवर नेईल. एकट्याला न परवडणारे यंत्र तिघांना परवडते आणि रिकामेही बसत नाही.

पुढचा हंगाम येण्याआधी प्रत्येकाने आपला जुना हेडसेट टेबलावर घ्यावा, काय झिजले आहे त्याची यादी करावी आणि दुरुस्तीचा, सेकंडहँडचा व नव्याचा रोजचा खर्च शेजारी मांडावा. बरकत हलाल कमाईत व चोख हिशेबात असते. अल्लाह आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या रोजीत वाढ करो.