सेलम: जगातल्या सगळ्यात वेगवान आठ इंची तोफा, आणि गिऱ्हाईकच नाही

"सर, मोठं मशीन घेऊ का?" हा प्रश्न चॅनेलवर इतक्या वेळा येतो की आता त्याला एका जहाजाच्या गोष्टीनेच उत्तर द्यायचं ठरवलंय. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकावं लागलं, आणि खाली बऱ्याच जणांनी लिहिलं की "म्हणजे जहाज फेल गेलं ना?" नाही. ते फेल गेलं असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही आणि "प्रॉडक्ट बेस्ट ठेवा, ग्राहक आपोआप येतो" असं सांगत फिरणाऱ्या आमच्याच ट्रेनर जमातीशीही पटत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

जहाजाचं नाव यूएसएस सेलम. तमिळनाडूतलं सेलम नव्हे, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं सेलम. प्रकार हेवी क्रूझर, म्हणजे बॅटलशिपपेक्षा लहान, डिस्ट्रॉयरपेक्षा बरंच मोठं, आणि मुख्य हत्यार आठ इंची तोफा.

हे जहाज कुणाच्या तरी हौसेतून आलेलं नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. त्यामागे खरी गरज होती. १९४२ साली सॉलोमन बेटांजवळ अमेरिकन आणि जपानी नौदलाच्या रात्रीच्या लढाया झाल्या. ९ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटाजवळ एका झटक्यात चार हेवी क्रूझर गेल्या, तीन अमेरिकन आणि एक ऑस्ट्रेलियन. रात्री शत्रू अचानक जवळ दिसतो आणि थोड्याच वेळात निकाल लागतो. तिथे आठ इंची तोफ मिनिटाला तीन-चार गोळे टाकत बसली तर उपयोग काय? सहा इंची तोफांची हलकी क्रूझर वेगाने मारा करायची, पण तिचा गोळा लहान. मग मागणी आली की मोठा गोळाही पाहिजे आणि वेगही पाहिजे.

आणि इंजिनियर लोकांनी ते करून दाखवलं. आधी गोळा वेगळा आणि दारूच्या पिशव्या वेगळ्या, असं भरावं लागायचं. नव्या तोफेत दारू पितळी काडतुसात आली आणि भरायचं काम यंत्राकडे गेलं. तोफेची नळी कितीही वर-खाली असो, त्याच कोनात ती भरता येई. एका तोफेतून मिनिटाला दहा गोळे. जहाजावर अशा नऊ तोफा. चिलखत फोडणारा एक गोळा सुमारे १५२ किलोचा, म्हणजे नऊ तोफांचे मिनिटाला नव्वद गोळे, वजन साडेतेरा टनांच्या वर. आपल्याकडचा भरलेला ट्रक डोळ्यासमोर आणा, तेवढं वजन एका मिनिटात हवेतून जाणार. त्या काळात जगात कुणाकडेही याच्या तोडीची आठ इंची तोफ नव्हती.

आता तारखा बघा. सेलमचं बांधकाम क्विन्सीच्या गोदीत सुरू झालं ४ जुलै १९४५ ला. जपानने शरणागती जाहीर केली १५ ऑगस्टला. मध्ये बरोबर सहा आठवडे. जहाज पाण्यात उतरलं १९४७ च्या मार्चमध्ये आणि नौदलात दाखल झालं १४ मे १९४९ ला. ज्या जपानी क्रूझरांसाठी तोफ बनवली त्या क्रूझर एव्हाना समुद्राच्या तळाशी नाहीतर भंगारात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त हे घोडं भरल्यावर वीस हजार टनांच्या वर जात होतं.

या वर्गातली बारा जहाजं बांधायची योजना होती. पूर्ण झाली तीन: डे मॉइन, सेलम आणि न्यूपोर्ट न्यूज. बाकीची नऊ रद्द. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात चांगला धंद्याचा निर्णय तो. कागदावर डिझाइन तयार, कारखाने तयार, कामगार तयार, आणि तरी "आता नको" म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे ॲडव्हान्स दिलाय म्हणून दुसरं मशीनही उचलणारे मी कमी बघितलेले नाहीत.

पण मग पूर्ण झालेल्या तीन जहाजांचं काय? तोफांना काम नव्हतंच का? होतं की. १९५० साली कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि किनाऱ्यावर मारा करायला क्रूझरची मोठी गरज पडली. ती ऑर्डर मिळाली कुणाला? सेंट पॉल, टोलेडो, हेलेना अशा आधीच्या बाल्टिमोर वर्गातल्या जहाजांना. त्यांच्या तोफा हळू चालायच्या. पण ती पॅसिफिकमध्ये होती, जागेवर होती, आणि किनाऱ्यावरचा रेल्वेमार्ग काही पळून जात नाही. मिनिटाला तीन गोळे टाकले काय आणि दहा टाकले काय, त्या कामाला तीन पुरत होते. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला त्या रात्रीपर्यंत सेंट पॉलच्या तोफा चालू होत्या. सेलम तेव्हा जगाच्या दुसऱ्या बाजूला, अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. तुमच्या मशीनचा वेग तासाला हजार नग असेल आणि शेजारच्याचा तीनशे. पण गिऱ्हाईकाला दिवसाला दोन हजारच लागत असतील आणि शेजारी त्याच्या दारात असेल, तर तुमचे उरलेले सातशे कोण विकत घेणार? हप्ता मात्र हजाराच्या मशीनचाच जाणार.

सेलमने मग दहा वर्षं केलं काय? ती ध्वजनौका होती. म्हणजे ताफ्याचा ॲडमिरल आणि त्याचं अख्खं ऑफिस जिच्यावर राहतं ती नौका. अमेरिकेचा सहावा ताफा भूमध्य समुद्रात असायचा, आणि १९५६ पासून सेलमने फ्रान्सच्या किनाऱ्यावर व्हिलफ्रांश इथे बस्तान ठोकून त्याची ध्वजनौका म्हणून काम केलं. त्याच वर्षी सुएझचं प्रकरण पेटलं, पुढे सीरिया आणि लेबनॉनमध्ये गडबड झाली. अशा वेळी लागतात त्या गोष्टी म्हणजे भरपूर जागा, चांगली रेडिओ यंत्रणा, आणि बंदरात उभं राहिलं की समोरच्याने दोनदा विचार करावा असा दरारा. सेलमकडे हे सगळं होतं. तोफांचा वाटा त्यात दिसण्यापुरता. आपल्या संपूर्ण सेवेत सेलमने शत्रूवर एकही गोळा झाडला नाही.

कोरियाचा युद्धविराम होऊन दोन आठवडे झाले असतील, १२ ऑगस्ट १९५३ ला ग्रीसच्या आयोनियन बेटांवर मोठा भूकंप झाला. केफालोनिया, झाकिंथोस, गावंच्या गावं जमीनदोस्त. तिथे पोचलेलं पहिलं अमेरिकन जहाज सेलम. १३ तारखेला पोचली आणि चार दिवस, स्वतःच्या कोठारातला साठा संपत येईपर्यंत, मदत करत राहिली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोलाचा आठवडा. तोफखान्याच्या डिझाइनमध्ये या कामाची एक ओळही नव्हती. ते झालं ते जहाजावर माणसं होती, अन्न-औषधं होती आणि जहाज जवळपास होतं म्हणून.

आणखी एक काम तर ऐकूनच हसू येईल. १९५६ साली 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' नावाचा ब्रिटिश सिनेमा आला, १९३९ सालच्या एका खऱ्या लढाईवर. त्यात जर्मन युद्धनौका ग्राफ श्पे दाखवायची होती, पण खरी ग्राफ श्पे तिच्याच कप्तानाने माँटेव्हिडिओजवळ बुडवलेली. तिची भूमिका केली सेलमने. पुढच्या बाजूला रंगवलेला १३९ हा आकडा तसाच ठेवून, ज्याला ओळखायचं त्याने ओळखावं! आणि समोरच्या ब्रिटिश बाजूला अकिलिस नावाची क्रूझर होती, ती मात्र अस्सल. त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेली अकिलिस १९४८ मध्ये भारताने घेतली होती आणि तेव्हा तिचं नाव होतं आयएनएस दिल्ली. म्हणजे पडद्यावर सेलमशी लढणारं जहाज आपल्या नौदलाचं. ही आपली दिल्ली पुढे १९७८ साली मुंबईत मोडीत निघाली.

मग इतकी कामाची सेलम ३० जानेवारी १९५९ ला, दहा वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, सेवेतून का काढली? जहाज म्हातारं झालं म्हणून नाही. पूर्ण ताफा धरला तर तिच्यावर सुमारे १,८०० माणसं लागायची. अठराशे पगार, अठराशे ताटं, रोज. तोफा चालवा नाहीतर नका चालवू. दुसरीकडे हवाई हल्ल्याशी लढायला क्षेपणास्त्रं आली होती. बोस्टन नावाच्या जुन्या बाल्टिमोर वर्गातल्या जहाजाचा मागचा तोफखाना काढून तिथे क्षेपणास्त्रं बसवली आणि १९५५ मध्ये ती जगातली पहिली क्षेपणास्त्रवाहू क्रूझर झाली. सहाव्या ताफ्याची ध्वजनौका म्हणून सेलमच्या जागी बहीण डे मॉइन आली. १९६० च्या शेवटी ते कामही स्प्रिंगफील्डकडे गेलं. ही स्प्रिंगफील्ड म्हणजे १९४४ ची, मापाने लहान हलकी क्रूझर. तिच्यात क्षेपणास्त्रं आणि ॲडमिरलच्या ऑफिसची जागा करून घेतली होती. गिऱ्हाईकाला ऑफिस पाहिजे होतं, ते कमी खर्चात मिळालं. डे मॉइन १९६१ मध्ये घरी बसली.

इथे कुणीतरी न्यूपोर्ट न्यूजचं नाव घेईल, आणि बरोबरच आहे. तिसरी बहीण, तेच डिझाइन, त्याच तोफा, आणि ती टिकली १९७५ पर्यंत. दुसऱ्या ताफ्याची ध्वजनौका म्हणून एक मोठं जहाज ठेवणं परवडत होतं, ते हे ठेवलं. १९६२ मध्ये क्यूबाची नाकेबंदी झाली तेव्हा ती तिथे होती. १९६७ पासून व्हिएतनाम. ज्या तोफांना अठरा वर्षं गिऱ्हाईक नव्हतं त्यांना तिथे ढीगभर काम मिळालं. पण किंमतही मोजावी लागली: १ ऑक्टोबर १९७२ ला गोळ्याच्या सदोष फ्यूजमुळे तिच्या दोन नंबरच्या तोफखान्यातच स्फोट झाला आणि वीस खलाशी गेले. तो तोफखाना नंतर कधी चालला नाही.

"बघा सर, थांबलं की काम येतं" असं यावरून कुणी म्हणेल. पण तिघींपैकी एकीलाच ते काम आलं, आणि तोवर तिचा अठरा वर्षांचा खर्च ॲडमिरलच्या ऑफिसने काढला, तोफांनी नव्हे. शिवाय थांबणारा कोण होता? अमेरिकेचं सरकार. तुम्ही-आम्ही अठरा महिने थांबलो तर बँकेची माणसं दारात येतात.

१९८१ मध्ये सेलम आणि डे मॉइन पुन्हा कामाला लावाव्यात का याची तपासणी झाली. जहाजं उत्तम स्थितीत निघाली. पैसे मात्र मंजूर झाले नाहीत. डे मॉइन पुढे टेक्ससमध्ये तोडली गेली, न्यूपोर्ट न्यूज तिच्याही आधी भंगारात गेली होती. सेलम १९९४ मध्ये ओढत क्विन्सीला आणली, जिथे ती बांधली होती तिथेच. १४ मे १९९५ ला संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली, नौदलात दाखल झाली होती त्याच तारखेला. हेवी क्रूझर म्हणून जगात आता ती एकटीच उरली आहे. २०१३ मध्ये ती काही काळ बंद पडली, तीही जहाजामुळे नाही. ज्या धक्क्याला बांधली होती तो धक्का धोकादायक ठरला.

तर आता तुमचं मशीन. कोटेशनच्या पहिल्या पानावर जो वेग छापलाय तो खोटा नसतो, सेलमचाही नव्हता. माझं म्हणणं एवढंच की लोनच्या अर्जाबरोबर तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: त्यातला किती वेग आज, नावानिशी, कुणी विकत घेणार आहे, काम नसलेल्या दिवशी ते मशीन किती माणसांचा पगार खातं, आणि तेच काम जुनं मशीन दुरुस्त करून किती पैशात होतं. पहिल्या ओळीत गिऱ्हाईकांची नावं आली नाहीत आणि "मार्केट मोठं आहे" एवढंच आलं, तर माझं उत्तर नाही असं आहे. नावं आली तर जरूर घ्या, मी अडवणारा कोण.

पुढच्या व्हिडिओत दुसऱ्या ओळीचा हिशोब करू, म्हणजे मशीन बंद असतानाचा रोजचा खर्च. तुमच्या धंद्याचे आकडे कमेंटमध्ये टाका, त्यातलेच दोन-तीन घेऊन फळ्यावर मांडतो.