सिलतऱ्याची बंद खिडकी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की सिलतरा येतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि धूर. डिसेंबरात तिथे मामेबहिणीकडे गेले होते. सकाळचे अकरा वाजलेले, बाहेर लख्ख ऊन आणि तिच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट चालू! पूर्वेची खिडकी बंद, वर जाड पडदा. खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, तर काजळाच्या डबीत बुडवल्यासारखं काळं झालं. “उघडली की तासाभरात पोळपाटावर धूळ बसते गं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “थंडीत मला काही करावंसंच वाटत नाही बघ.”

सगळा दोष उजेडाचा, असं मी म्हणणार नाही. मन फारच खचलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण हिवाळी उदासीनतेला मानसोपचारतज्ज्ञ रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नाव दिलं, ते अमेरिकेत. रायपूरचा सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांहून मोठा असतो. एवढं ऊन दारात असताना आपण अंधारात का राहावं?

डोळ्यांतल्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. मळभाच्या दुपारीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे. डोळा जुळवून घेतो, म्हणून हा फरक आपल्या लक्षातच येत नाही.

बहिणीच्या यजमानांची अडचण उलटी. रात्रपाळीहून आले की त्यांना दिवसा अंधार हवा, आणि झोपायच्या खोलीचा पडदा विरलेला. मी म्हटलं, स्वयंपाकघरातला जाड पडदा तिकडे लाव.

पण धुळीचं काय? २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम १७ सांगत असे की, कामाच्या जागी उजेड देणाऱ्या खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात. शेडच्या काचेची कायद्याला एवढी काळजी होती, मग त्याच कामगाराच्या घराची काच काळी का राहावी? धूळ रोखणारी यंत्रं दिवसरात्र चालतात की नाही, हे देखरेख करणाऱ्यांनी अवेळी जाऊन पाहावं. माझ्या मते तो बायामाणसांच्या मनःस्वास्थ्याचाही प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेऊन गच्चीवर गेलो. धूर होता, ऊनही होतं. चहा झाल्यावर ती खाली जाऊन मेथीची जुडी घेऊन आली आणि तिथेच निवडायला बसली.

– सु. वि.