तीन मा म्हणजे एक एकर?
तंजावूरकडच्या कावेरीकाठच्या गावांत जमीन किती म्हणून विचारलं, तर जुनी माणसं आजही ‘मा’ आणि ‘वेली’त सांगतात. बारा फुटी चौरस म्हणजे एक कुळी, १०० कुळींचा एक मा, २० मांची एक वेली. पट्टा, म्हणजे तिथला सातबाराच म्हणा, तो मात्र हेक्टर-आरमध्ये. तोंडी हिशेब सोपा: तीन मा, एक एकर. गप्पांत खपतं, पण तीन मा भरतात ४३,२०० चौरस फूट आणि एकर ४३,५६०. याच हिशेबाने अख्खी वेली एकरात मांडली, की कागदावर २,४०० चौरस फूट फुकटात उगवतात. आपल्याकडे दोन गुंठ्यांसाठी भाऊबंद कोर्टात जातात, हे तर त्याहून जास्त! पाण्याचं त्रांगडं निराळंच. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये. ११,५७४ क्युसेकने दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतं. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला हवी असते तारीख: रोपं लावायची, पाटाला पाणी कधी येणार? कन्व्हर्टर अ‍ॅपवाल्यांनी खरं तर हे गणित हाती घ्यावं. एकर-हेक्टर काय, कागद-पेन्सिलीनेही सुटतं.