वाफेचा हिशेब

सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत उसाच्या दरावरून वादळे उठतात, साखर उताऱ्यावरून संचालक मंडळास धारेवर धरले जाते, क्वचित वजनकाट्याचाही विषय निघतो. टनभर ऊस गाळण्यासाठी किती वाफ खर्ची पडली, असा प्रश्न मात्र सभासद सहसा विचारीत नाहीत. इंधन घरचेच, उसाच्या चिपाडाचे, म्हणजे बगॅसचे; ते विकत थोडेच आणावे लागते? या एका समजुतीने वाफेच्या उधळपट्टीवर वर्षानुवर्षे पांघरूण घातले आहे.

साखर कारखाना हा मुख्यतः पाणी आटविण्याचा कारखाना होय. शंभर किलो स्वच्छ रसात सुमारे १५ किलो विद्राव्य पदार्थ असतात. त्याचा ६० टक्के घनतेचा पाक करावयाचा तर ७५ किलो पाणी उडवावे लागते. साखरेचे स्फटिक तयार करण्याचे काम त्यापुढचे. एकाच पात्रात रस आटविला तर किलोभर पाण्यासाठी जवळजवळ किलोभर वाफ लागते. न्यू ऑर्लिन्स येथे एका स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याने १८४३ साली यावरील उपायाचे पेटंट घेतले. पहिल्या पात्रातील रसातून निघालेली वाफ वाया न घालविता तिनेच दुसऱ्या पात्रातील रस तापवावयाचा, आणि तेथे दाब कमी ठेवावयाचा, म्हणजे रस कमी तापमानालाही उकळतो. अशी चार पात्रे जोडली की किलोभर वाफ चार किलोच्या आसपास पाणी उडविते. आजही जगातील साखर कारखाने याच तत्त्वावर चालतात. ज्या समाजाने या माणसाला बरोबरीचे स्थान नाकारले, त्याच समाजातील मळेवाले त्याच्या यंत्रावर धनवान झाले, हा इतिहासातील एक कडवट विनोदच.

तत्त्व पावणेदोनशे वर्षांहून जुने असताना उधळपट्टी टिकली, याचे कारण यंत्रशास्त्रात नाही. पूर्वी उरलेले बगॅस ही कारखान्याला डोकेदुखी वाटे. त्याचे ढीग जागा अडवीत आणि आगीचे भय असे. म्हणून ते जळून संपावे अशाच बेताने बॉयलर आणि यंत्रे योजली गेली. काटकसर ही तेथे अडचणच ठरली असती. बगॅसला कागद गिरण्यांत व वीजनिर्मितीत किंमत आली, तरी ती सवय गेली नाही.

या सवयीची किंमत साध्या गणिताने काढता येते. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात उसाच्या वजनाच्या ५० टक्के किंवा त्याहून अधिक वाफ लागते. आधुनिक रचनेत ती ४० टक्क्यांच्या खाली आणता येते. दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याने यात नुसती ५ टक्क्यांची घट केली, तर रोज २५० टन वाफ वाचेल. एक किलो बगॅसपासून साधारणतः सव्वादोन किलो वाफ मिळते, असे धरल्यास रोजची बचत ११० टन बगॅसच्या घरात जाते. सव्वाशे दिवसांच्या हंगामात हा ढीग सुमारे १४,००० टनांचा होतो. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखरेप्रमाणेच मळी, बगॅस आणि प्रेसमडच्या उत्पन्नातही ऊस उत्पादकाचा वाटा मानला होता. तेव्हा हा ढीग कोणाच्या पदरचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सहवीजनिर्मितीचे प्रकल्प आले म्हणजे प्रश्न सुटला, असा एक युक्तिवाद केला जातो. वाफेने आधी टर्बाइन फिरवावयाचे आणि तिच्यातील दाब उतरल्यावर तिच्यावरच रस आटवावयाचा, ही कल्पना निःसंशय उत्तम आहे. २१ किलो दाबाच्या बॉयलरऐवजी ८७ किलोचा बसविला, तर किंचित अधिक इंधनात कितीतरी अधिक वीज मिळते. परंतु मागच्या दाराने वाफ गळत असेल, तर पुढच्या दारातील मोठ्या बॉयलरचे कौतुक किती करावयाचे? शिवाय या प्रकल्पांना मोठे कर्ज लागते, आणि त्याचे गणित विजेच्या खरेदीदरावर अवलंबून असते. तो दर कारखान्याच्या हाती नाही. वाफवाहिन्यांवरील फाटलेली आवरणे, नादुरुस्त स्टीम ट्रॅप आणि ऊस वेळेवर न आल्याने वारंवार थांबणारे गाळप या गोष्टी मात्र पूर्णपणे त्याच्या हातच्या आहेत. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. ते आधी उडविण्यातच भट्टीची बरीच उष्णता खर्ची पडते. गिरणीचे रोलर नीट बसविले आणि ओलावा एक-दोन टक्क्यांनी उतरला, तरी बॉयलरवर फरक दिसतो.

ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ मध्ये झाला. त्याने ऊर्जा तपासनीस निर्माण केले, पण तपासनिसाचा अहवाल सभासदापर्यंत पोहोचेलच असे नाही. सहकारात मालक सभासद आहे, असे व्यासपीठावरून नेहमी सांगण्यात येते. मग या मालकाला दोन आकडे तरी दरवर्षी कळावयास हवेत: उसाच्या प्रमाणात लागलेली वाफ आणि बगॅसमधील ओलावा. ओलाव्याची तपासणी हे कारखान्याच्या प्रयोगशाळेचे नित्याचे काम आहे. वाफेचा मीटर ही काही न परवडणारी वस्तू नव्हे. गाळप, उतारा आणि साखरेची पोती यांच्या तक्त्याला हे दोन रकाने जोडून वार्षिक अहवाल छापावा, एवढी सूचना आगामी सर्वसाधारण सभेसाठी कोणाही सभासदाला लेखी देता येईल.